तीसपर्यंतच मोजायचं

लाल दिवा लागला की माणसं हातपाय गाळतात. आमच्या नलूताई खूश व्हायच्या.

"अवं शोभा, लाल दिवा म्हंजे बिघाड नाई," त्या मला सांगायच्या. "लाल दिवा म्हंजे त्यानं सोताले वाचवलं. बिघडला असता त दिवा कायले लागला असता? धूर निघाला असता."

हे सगळं इन्व्हर्टरबद्दल. नलूताईंच्या तोंडून देवाचं नाव मी क्वचित ऐकलं, इन्व्हर्टरचं रोज ऐकलं. महाराष्ट्राच्या हद्दीबाहेर, बालाघाटला मुलींच्या शाळेत त्या प्रयोगशाळा सहायक होत्या आणि मी त्याच शाळेत हिंदी शिकवायचे. घरं शेजारी, मधे एक भिंत. म्हणजे दिवसा शाळेत नलूताई आणि घरी आलं की भिंतीपलीकडे नलूताई. माझे यजमान म्हणायचे, "तुझं लग्न कोनाशी झालं ते एकदा तपासून घे."

मराठी घरची बाई, शिकवते हिंदी, बोलते वऱ्हाडी. आमच्या गावात याचं कोणाला काही वाटत नाही. पुण्याची माझी जाऊ मात्र पोट धरून हसायची. "तुमच्याकडे बायका 'मी जातो' काय म्हणतात!" म्हणतो बापा, म्हणतो. लिहिताना 'गेले' लिहिते आणि बोलताना 'गेलतो' बोलतो. नलूताई तर मुख्याध्यापिकेसमोरही हिंदीत सुरुवात करून वऱ्हाडीत संपवायच्या.

बुटक्या, काटक, सावळ्या. तेव्हा वय पंचेचाळिशीचं असेल. बायका अंबाड्यात फूल खोचतात, यांच्या अंबाड्यात टेस्टर. लाल दांड्याचा, बारका. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही आतल्या बाजूनं बांधलेलं. दर थोड्या वेळानं हात उलटा करून त्या ते पाहायच्या. स्टाफरूममध्ये, बाजारात, हळदीकुंकवाला. मला भारी राग यायचा. अहो, समोर माणूस बोलतंय आणि तुमचं लक्ष काट्यांत! मग कारण कळलं आणि मीच ओशाळले.

कारण म्हणजे दादा. त्यांचे मोठे भाऊ. सगळी गल्ली त्यांना दादाच म्हणायची. कचेरीत मोठे बाबू होते. अक्षर सुरेख, जीभ तिखट. आईवडील लवकर गेले तेव्हा या माणसानं स्वतः लग्न न करता धाकट्या बहिणीला वाढवलं, शिकवलं. केलं ते मोठंच होतं, आणि ते त्यांनी तिला एक दिवस विसरू दिलं नाही. नलूताईंना गोंदियाचं एक स्थळ आलं होतं, मुलगा रेल्वेत. दादा म्हणाले, "नदीपार कोन देते पोरगी?" विषय संपला. मग नदीच्या अलीकडचं आलं, तर त्यात दुसरीच खोट निघाली. पुढं स्थळं यायचीच थांबली.

जन्मभर बिडी ओढून दादांची फुप्फुसं गेली होती. नाकात नळी, आणि पलंगाशेजारी हवेतून ऑक्सिजन काढणारं मशीन, ते सदानकदा घरघरत असायचं. मशीन विजेवर चालायचं, आणि छत्तीसगड वेगळं होऊन वीजघरं तिकडं गेल्यापासून आमची लाइन अशी जायला लागली होती की 'आली' म्हटलं तर लोकांना खोटं वाटायचं. म्हणून नलूताईंनी छतावर सोलरच्या दोन पाट्या बसवून घेतल्या, खाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. रोज सकाळी शिडीनं चढून ओल्या फडक्यानं पाट्या पुसायच्या, माकडांना शिव्या द्यायच्या आणि मग अंघोळीला जायच्या. पण बॅटऱ्या जुन्या झाल्या होत्या. लाइन गेली की मशीन दोन तास ओढायचं, फार तर थोडं वर. त्यानंतर कोपऱ्यातला छोटा सिलिंडर लावावा लागे, आणि तो लावणं फक्त त्यांनाच जमायचं. शाळा गल्लीच्या तोंडाशीच होती, तरी प्रत्येक सुट्टीत त्या घरी धावायच्या. घरातून निघाल्या की दोन तासांची दोरी कमरेला बांधूनच निघायच्या.

गावात तेव्हा नवे नवे इन्व्हर्टर आले होते आणि त्यांच्याशी वागायची लोकांची रीत एकच. लाल दिवा लागला की बटन दाबा. पुन्हा लागला, पुन्हा दाबा. तरी ऐकलं नाही तर वरून एक थापड. चौकातले किराणावाले साहूजी, त्यांचा इन्व्हर्टर असाच रुसून बसला. कंपनीचा माणूस आला, चार वेळा बटन दाबून म्हणाला, "जबलपुर भेजना पड़ेगा." साहूजींनी नलूताईंना बोलावणं धाडलं. मी सोबत होते, कारण मला साखर घ्यायची होती.

नलूताईंनी आधी त्या माणसाला झाडलं. "भैया, लोड निकाला आपने? नहीं ना? फिर बटन कायको दबा रहे? जिसका हाथ जल गया, उसको बोल रहे हो फिर से तवा पकड़!"

मग त्यांनी आपली पद्धत सुरू केली. दुकानातली सगळी बटनं बंद. इन्व्हर्टर बंद. डोळे मिटून मोजणं, मोठ्यानं, भर हिंदी बाजारात मराठीतून. एक, दोन, तीन, थेट तीसपर्यंत. "त्याच्या पोटातली वीज उतरू द्या लागते," त्या मला म्हणाल्या. "तीनदा तो आपल्या मनानं उठून पाहते, शोभा. तिन्ही येळा पडला त चौथ्यांदा उठतच नाई. मंग हातानं बंद करा, दम खा, अन् हातानंच उठवा." तीस झाले, इन्व्हर्टर चालू झाला, आणि मग हजेरी. शाळेतली बाई ती, हजेरीशिवाय तिला काय सुचणार? "पंखा?" बटन दाबायच्या, थांबायच्या. "हजर. ट्यूब? हजर. तराजूवरचा बल्ब? हजर. देवाजवळचा?"

टीं-टीं-टीं. लाल दिवा.

"सापडला," नलूताई म्हणाल्या. चेहरा असा उजळला की विचारू नका.

देवाजवळचा बल्ब होल्डरमध्ये ढिला बसायचा, म्हणून साहूजींनी सिगारेटच्या पाकिटातली चांदी चुरगाळून आत कोंबली होती. हा आमच्या गावचा ठरलेला इलाज: होल्डर ढिला, घाल चांदी. ती सरकून आतल्या दोन्ही टोकांना एकदम लागली होती, त्यामुळे वीज बल्बात जायच्याऐवजी चांदीतूनच पलीकडे. शॉर्ट. इन्व्हर्टर बिचारा जीव वाचवायला बंद पडत होता. नलूताईंनी टेस्टरच्या टोकानं चांदी काढून साहूजींच्या तळहातावर ठेवली.

"मैडम, ये तो हमने भगवान के लिए लगाई थी," साहूजी म्हणाले.

त्या दिवसापासून बाजारात त्यांचं नाव 'लाल बत्ती मैडम' पडलं. घरी येऊन त्यांनी सगळी गोष्ट नकलांसकट दादांना सांगितली. साहूजींचं 'भगवान के लिए' त्यांनी असं काही म्हणून दाखवलं की दादा नळीतून हसले. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं. मग त्यांनी खोदून खोदून विचारलं, चांदी कुठं होती, केवढी होती, लागली कशी. मला वाटलं, काय हौस आहे म्हाताऱ्याला!

रविवारी नलूताई मला घेऊन फिरायला जायच्या, म्हणजे राजेगावला. बालाघाटहून गोंदियाच्या गाडीत बसायचं आणि राजेगावला उतरायचं, टपरीवर उभ्याउभ्या चहा घ्यायचा, वाघ नदीच्या पुलाच्या तोंडापर्यंत चालायचं, आणि तिकडून येणाऱ्या गाडीनं परत. दोन तासांत बरोबर बसायचं. पुलापलीकडे महाराष्ट्र. तिकडून लाल एसटी आली की नलूताई तिच्या कपाळावरची पाटी मोठ्यानं वाचायच्या. "पाय ना, शोभा, मराठीत लिवलं हाये." रोज मराठी बोलणारी बाई, पण पाटीवरच्या मराठीचं तिला केवढं अप्रूप!

एकदा मी म्हटलं, "चला ना पुलावर. मधोमध उभं राहू, नदी पाहू अन् येऊ वापस."

"टाइम बसत नाई वं."

"पाच मिनिटांनी काय होते?"

"पाच मिनिटांत गाडी निंघून जाते. दुसरी कवा येईन?" मग पुलापलीकडे हनुवटी उडवून हसल्या. "तिकडंच कुठंतरी माह्यं सासर होतं. राह्यलं."

मला वाईट वाटायच्याऐवजी रागच आला. "तुमी बह्याड हा, नलूताई. पुऱ्या येड्या."

"हौ," त्या म्हणाल्या आणि हात उलटा करून घड्याळ पाहिलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात नागपूरच्या एका संस्थेची माणसं बैहरकडच्या गावांत सोलर दिवे लावायला आली. जाता जाता त्यांनी आमच्या शाळेच्या हॉलमध्ये मुलींना सगळं सामान मांडून दाखवलं, आणि दाखवतानाच त्यांचा इन्व्हर्टर लाल दिवा लावून बसला. संस्थेची पोरं वायरी उचकटू लागली. मागच्या रांगेतून नलूताई उठल्या, अंबाड्यातला टेस्टर काढत. सगळं बंद, आणि एक, दोन, तीन. हॉलभर मुली त्यांच्याबरोबर मोजू लागल्या, ज्यांना मराठी येत नव्हतं त्यासुद्धा. तीसनंतर हजेरी, हजेरीत चोर सापडला, टाळ्या. संस्थेच्या मुख्य बाई पाहतच राहिल्या. जाताना म्हणाल्या, "नागपूरला या. खेड्यांतल्या बायकांना आम्हाला हे काम शिकवायचंय. राहायची सोय आमची. तुमच्यासारखं शिकवणारं कोणी मिळत नाही."

वीस वर्षं या बाईनं बीकर धुतले होते, परीक्षानळ्या मांडल्या होत्या आणि शिकवलं होतं दुसऱ्यांनी. त्या दुपारी भिंतीवरून माझ्याकडं डोकावून त्या म्हणाल्या, "मले शिकवाले बलावलं वं." पुन्हा म्हणाल्या, "सामान लावाले नाई. शिकवाले." त्यांचा असा चेहरा मी आधी पाहिला नव्हता. मी तिथंच ठरवलं, आकाश कोसळलं तरी हिला पाठवायचं.

लामत्याहून त्यांच्या चुलत भावाची विधवा बायको, कमलवहिनी, दादांपाशी राहायला तयार झाली. सिलिंडर लावायला ती शिकली आणि इन्व्हर्टरची जबाबदारी माझ्याकडं आली. नलूताई फुटपट्टी घेऊन माझ्या मागं उभ्या राहायच्या. तीसच्या आत बटन दाबलं की हातावर फटका. "मोजाचं म्हंजे मोजाचं. तीसच्या आत नाई, तीसच्या पुढं नाई." दादांना विचारलं तर म्हणाले, "जाय ना. मी कोन अडवनारा?"

पहिल्यांदा नुसतं दोन दिवस पाहून यायचं ठरलं. सकाळची वेळ, लाइन गेलेली, इन्व्हर्टर चालू. पिशवी भरली, देवाला नमस्कार झाला, नलूताईंनी दारात चप्पल पायात सरकवली आणि आतून टीं-टीं-टीं. मशीन बंद. दादा तोंड उघडून हवा ओढताहेत, डोळे पांढरे. नलूताई चपला भिरकावून आत धावल्या. बंद, तीस, चालू, हजेरी. सगळे हजर. कारण काही सापडलं नाही. तोवर गाडी गेली होती, आणि कारण सापडल्याशिवाय जिवाला चैन नाही म्हणून दुसरी गाडीही त्यांनी सोडली.

पंधरा दिवसांनी पुन्हा निघाल्या. चप्पल घातली, टीं-टीं-टीं. पुन्हा सगळे हजर. या वेळी मात्र त्या मोजून बाहेर आल्या तेव्हा पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मला वाटलं, दगदगीनं.

चप्पल घातली की फॉल्ट! एवढं तर माझ्यासारख्या हिंदीच्या मास्तरणीलाही कळत होतं. तिसऱ्या वेळी मी दादांच्या खोलीतच स्टुलावर जाऊन बसले, तोंडासमोर पेपर धरून. बाहेर चपलांचा आवाज झाला. दादांचे डोळे मिटलेले होते. पांघरुणातून हात निघाला, पलंगाशेजारच्या टेबललॅम्पच्या वायरीवर एक लोंबतं बटन होतं तिथवर गेला. खट्. दिवा लागला नाही. टीं-टीं-टीं. इन्व्हर्टर तीनदा उठून पडेपर्यंत हात तिथंच राहिला, मग पुन्हा खट् करून पांघरुणात गेला आणि म्हातारा श्वासासाठी तडफडू लागला, खराखुरा तडफडू लागला.

नलूताई धावत आल्या. मोजलं. हजेरी घेतली. पंखा हजर, ट्यूब हजर, मशीन हजर. मी कान देऊन ऐकत होते. टेबललॅम्पचं नाव त्यांनी हजेरीत घेतलंच नाही.

त्या स्वयंपाकघरात गेल्यावर मी लॅम्पची वायर भिंतीतून काढली आणि बल्ब फिरवून बाहेर काढला. होल्डरमध्ये गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, नीट घडी करून बसवलेली. साहूजींच्या देवाजवळ होती तशीच.

मी ती नेऊन ओट्यावर आपटली. "हे पाहा तुमच्या दादाचं काम!"

नलूताईंनी पाहिलंसुद्धा नाही. "मालूम हाये मले."

"कवापासून?"

"पैल्या दिवसापासून. काढलती मी ते. मंग पुन्हा लावून देली."

"काहून? बह्याड झाल्या का तुमी? कैद करून ठेवून राह्यला तो तुमाले!"

"हौ." त्या तांदूळ निवडत होत्या, निवडतच राहिल्या. "त्याचा आवाज नाई निंघत आता, शोभा. आपला श्वास बंद करून बलावते तो मले. मंग काय करू?"

"मरू द्या ना मंग त्याले!" मी बोलून गेले. संतापलेच होते मी तेवढी.

नलूताईंचा हात थांबला. "तेच त केलतं मी," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. दुसऱ्या वेळची गोष्ट. "लय राग आलता वं. इन्व्हर्टर बंद केला, मोजाले लागलो. तीस झाले. हात उठलाच नाई. एकतीस, बत्तीस, मी मोजतच गेलो. तिकडं दादा टाचा घासून राह्यलता गादीवर, मले आइकू येऊन राह्यलं होतं. एकेचाळीसपर्यंत गेलो मी."

"मंग?"

"मंग दाबलं बटन. काई झालं नाई त्याले. पानी मागलं."

"अकरा आकडे, नलूताई. अकरा आकड्यांनी काय होते?"

"काई नाई होत," त्या म्हणाल्या. "पन मी मोजले ना."

त्यांनी ओट्यावरची चांदी उचलली, बोटांनी सरळ केली, होती तशी घडी घातली आणि दादांच्या खोलीत गेल्या. होल्डरमध्ये चांदी बसवून वर बल्ब लावला, वायर पुन्हा भिंतीत खोचली. दादा डोळे मिटून पडले होते. त्यांनी ते उघडले नाहीत. मी दारात उभी राहून हे पाहिलं आणि घरी येऊन भांडी आपटत बसले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं? काय सांगणार, कपाळ! कमलवहिनी दोन दिवसांनी लामत्याला परत गेली.

दादा पुढं दीड वर्ष होते. गेले ते भर दुपारी, लाइन चालू असताना, मशीन व्यवस्थित घरघरत असताना. फॉल्ट कुठंच नव्हता. डॉक्टर गेल्यावर नलूताईंनी मशीन बंद केलं आणि सवयीनं तीसपर्यंत मोजलं.

मला वाटलं, सुटल्या. वाईट वाटत होतं, पण मनातून हायसंही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? तेरावं झालं, महिना गेला. नागपूरच्या बाईंचा पुन्हा फोन आला, अजूनही या म्हणाल्या. आणि एका दुपारी लाइन गेलेली असताना भिंतीपलीकडून टीं-टीं-टीं. मी कणकेच्या हातांनी धावले. नलूताई दादांच्या पलंगावर बसल्या होत्या, हातात लॅम्पचं ते लोंबतं बटन.

"काय झालं?"

"काई नाई वं. पाहून राह्यलतो, कोनी येते का."

"आलो ना मी."

"हौ. आली."

मी लॅम्पची वायर भिंतीतून काढली. बल्ब काढला, चांदी काढली आणि मोरीत टाकून वरून तांब्याभर पाणी ओतलं. त्यांनी अडवलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात माझ्या यजमानांची बदली झाली. ते बँकेत होते, आणि बदली नेमकी नागपूरला. मी म्हटलं, हा देवाचाच इशारा. नलूताईंच्या राशीलाच बसले. "माह्या सोबत निंघा, संस्थेच्या दारात सोडून देतो तुमाले, मंग मी घरी जातो." त्या हो-नाही करता करता हो म्हणाल्या. शाळेत सहा महिन्यांच्या रजेचा अर्ज दिला. इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या, किल्ली गल्लीतल्या एकीकडं दिली. आमचं सामान यजमानांसोबत ट्रकनं आधीच गेलं होतं. आम्ही दोघी गोंदियाच्या गाडीत बसलो, तिथून पुढं रेल्वे. मी खिडकीशी, त्या कडेला, मांडीवर त्यांची एकुलती पिशवी. नवी चप्पल घातली होती. वाटेत एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मी मनात म्हटलं, जिंकलो.

त्या दिवसानंतर मात्र आमचं नुसतं फोनवर बोलणं व्हायचं. "येतो ना, पुढच्या मइन्यात येतो," असं त्या दोन वर्षं म्हणत राहिल्या. संस्थेनं दुसरी बाई घेतली. मीही बालाघाटला गेले नाही. आधी रागानं, मग लाजेनं. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं त्या दिवशी राजेगावला.

गाडी राजेगावला थांबली. मी पर्समध्ये तिकिटं चाचपत होते. शेजारची जागा रिकामी झाली ते मला कळलंच नाही. पाहते तो नलूताई खाली, पिशवी हातात, टपरीकडं निघालेल्या.

"नलूताई!" मी ओरडले. "कुठं चालल्या? आपल्याले पुढं जाचं हाये!"

त्या वळल्या. स्वतःशीच हसल्या. "अव माय! सवयीनं उतरलो वं!"

"मंग चढा ना!"

"हौ, चढतो," त्या म्हणाल्या आणि हात उलटा करून घड्याळ पाहिलं. हसू गेलं. त्यांनी पुलाकडं पाहिलं, मग आलो त्या रस्त्याकडं पाहिलं, आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"मैडम, चलना है कि नहीं?" कंडक्टर विचारत होता.

नलूताईंनी डोळे मिटले. ओठ हलू लागले. मी लगेच ओळखलं. "रुकिए भैया," मी म्हटलं, "बस तीस तक." तो काय समजला देव जाणे, पण थांबला. मी त्यांच्याबरोबर मनात मोजू लागले. मला खात्री होती, तीस झाले की डोळे उघडतील आणि पायरीवर पाय ठेवतील. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. कंडक्टरनं शिटी मारली. मी उतरायला हवं होतं. उतरले असते तर हाताला धरून वर आणलं असतं, किंवा त्यांच्यासोबत चहा पिऊन परत तरी गेले असते. पण मीही नागपूरला निघाले होते, आणि समोरच्या सीटच्या दांडीवरून माझा हात उठलाच नाही.

गाडी पुलावर चढली. मी खिडकीतून मान बाहेर काढून मागं पाहत राहिले. एकेचाळीसपर्यंत मोजलं आणि थांबले. रस्त्याच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या नलूताई अजून मोजत होत्या.